साक्ष आणि सौदा : अमेरिकेतील ख्रिस्ती संगीत-व्यवसाय आणि त्यातील गैरवर्तनाची प्रकरणे

अमेरिकेतील ख्रिस्ती संगीताचा व्यवसाय चालीवरून किंवा वाद्यांवरून ओळखता येत नाही. त्यात रॉक आहे, पॉप आहे, रॅप आहे, कानठळ्या बसवणारे मेटलही आहे. हे संगीत वेगळे ठरते ते गाण्याच्या शब्दांमुळे आणि गाणाऱ्याच्या आयुष्यामुळे. इतर संगीतात गायकाचे खासगी वर्तन हा फार तर चघळण्याचा विषय असतो. इथे ते मालाचा भाग असते. गायक दोन गाण्यांच्या मध्ये थांबून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो, श्रोता त्या साक्षीवर विश्वास ठेवून तिकीट आणि अल्बम घेतो. म्हणूनच नॅशव्हिलच्या ख्रिस्ती कंपन्यांच्या करारांत नैतिक आचरणाचे कलम घालण्याची प्रथा पडली. कलाकाराचे वागणे श्रद्धेशी विसंगत दिसले, तर कंपनी हात झटकू शकते.

या रचनेतूनच या व्यवसायाची प्रकरणे जन्माला आली. शिक्षा झाली ती बहुतेक वेळा ग्राहक दुरावतील या भीतीने. त्यामुळे घटस्फोट, विवाहबाह्य संबंध आणि समलैंगिकता यांवर कारवाई झटपट झाली. दुर्बलांवर केलेले अत्याचार मात्र वर्षानुवर्षे झाकलेले राहिले.

सँकीच्या पेटीपासून

धर्मगीत आणि पैसा यांच्यातील ताण रेकॉर्ड कंपन्यांहून जुना आहे. १८७३ ते १८७५ या काळात धर्मोपदेशक ड्वाइट मूडी आणि गायक आयरा सँकी यांनी ब्रिटनचा दौरा केला. सँकी लहान ऑर्गनवर स्वतःच साथ करत गात असे. त्याच्या गीतांची पुस्तिका हातोहात खपू लागली आणि लगेच कुजबूज सुरू झाली, की हे दोघे धर्माच्या नावाने गल्ला भरायला आले आहेत. सर्कसवाला पी. टी. बार्नम त्यांच्यामागे आहे, अशीही अफवा उठली. मूडीने मानधनाची रक्कम स्वतः घेण्यास नकार दिला. ती एका समितीच्या हाती गेली आणि त्यातून १८७१ च्या आगीत भस्मसात झालेल्या शिकागोतील मूडीच्या चर्चच्या इमारतीला मदत झाली. पुढे अमेरिकेत निघालेल्या गीतसंग्रहांचे उत्पन्नही विश्वस्तांकडे सोपवले गेले आणि नॉर्थफील्ड येथील मूडीच्या शाळांना मिळाले. विश्वस्तांत न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम डॉज होते.

मूडीला कळलेली गोष्ट साधी होती : पैसा आणि प्रचार एकाच हातात असले की संशय येणारच, आणि त्यावर उपाय म्हणजे हिशेब तिऱ्हाइताकडे देणे. पुढच्या शतकात व्यवसाय वाढला, तिऱ्हाइताची ही जागा मात्र बहुतांशी रिकामी राहिली.

चळवळीतून बाजाराकडे

आजच्या व्यवसायाची मुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सापडतात. हिप्पी तरुणांपैकी अनेक जण ख्रिस्ताकडे वळले. या लाटेला ‘जीझस मूव्हमेंट’ म्हणतात. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी लांब केसांच्या, अनवाणी मुलांना दार उघडले. ही मुले गिटार घेऊन आली होती. गायक लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम कॅपिटल कंपनीने १९६९ मध्ये काढला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ बहुधा तिथून मोजला जातो. १९७१ मध्ये कॅल्व्हरी चॅपलच्या छत्राखाली ‘मॅरानाथा! म्युझिक’ सुरू झाली. १९७२ च्या जूनमध्ये डॅलसला ‘एक्स्प्लो ७२’ हा मेळावा भरला. त्याच्या शेवटच्या दिवशीच्या संगीताला लाखाहून अधिक तरुण आले आणि या गर्दीत ग्राहकही आहे, हे व्यापाऱ्यांना दिसले.

टेक्ससमधील वेको येथे जॅरेल मॅक्रॅकन यांनी १९५१ मध्ये स्थापलेली ‘वर्ड’ कंपनी या बाजारात आधीपासून होती. तिने १९७२ मध्ये तरुणांसाठी ‘मर’ हे लेबल काढले. ते उभे करणारे बिली रे हर्न यांनी १९७६ मध्ये ‘स्पॅरो’ ही स्वतःची कंपनी थाटली. माल विकला जात असे तो मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत. बायबल, लग्नपत्रिका आणि रविवारच्या शाळेची पुस्तके विकणाऱ्या या दुकानदारांच्या हाती त्यामुळे मोठी ताकद आली. एखाद्या गायकाविषयी पाळकांनी तक्रार केली की अल्बम मांडणीवरून उतरत असे. ही या व्यवसायाची अनौपचारिक न्यायसभाच होती, आणि तिच्यापुढे आरोपीला बाजू मांडण्याची सोय नव्हती.

व्यवसायाची अधिकृत संस्था, गॉस्पेल म्युझिक असोसिएशन, १९६४ मध्ये स्थापन झाली आणि १९६९ पासून ‘डव्ह’ पुरस्कार देऊ लागली. तिसऱ्याच खेपेला, १९७१ मध्ये, मतदानात गैरप्रकार झाल्याचे दिसून पुरस्कार रद्द करावे लागले. व्यवसायाच्या जाहीर इतिहासात या घटनेला फारशी जागा मिळत नाही.

चळवळीच्या पहिल्या पिढीतच वगळण्याची रीतही सुरू झाली. कॅल्व्हरी चॅपलकडे तरुणांचे लोंढे खेचून आणण्यात लॉनी फ्रिस्बी या तरुण उपदेशकाचा वाटा मोठा होता. तो समलैंगिक संबंध ठेवत असल्याचे समजल्यावर चळवळीच्या नेत्यांनी त्याला दूर केले आणि पुढच्या कथनांत त्याचे नाव पुसट होत गेले. १९९३ मध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला. २०२३ मध्ये आलेल्या ‘जीझस रेव्होल्यूशन’ चित्रपटात तो ठळक पात्र म्हणून परतला. त्याच्या समलैंगिकतेचा उल्लेख मात्र तिथेही नव्हता.

‘चिल्ड्रन ऑफ द डे’ या समूहाच्या मार्शा स्टीव्हन्सचे तसेच झाले. किशोरवयात तिने रचलेले गीत अमेरिकेतल्या अनेक मंडळ्यांच्या गीतपुस्तकांत छापले गेले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती समलैंगिक असल्याचे उघड झाले, तेव्हा काही लोकांनी गीतपुस्तकातले ते पान फाडून तिला टपालाने पाठवले.

उपदेशक गायकाचे पतन

१९८० च्या दशकात ख्रिस्ती रॉकवर सर्वात कडवी टीका करणाऱ्यांत लुइझियानाचे जिमी स्वॅगर्ट होते. ते स्वतः गॉस्पेल गायक आणि पियानोवादक. रॉक अँड रोलचा गायक जेरी ली लुइस हा त्यांचा मावसभाऊ. स्वॅगर्ट यांच्या रेकॉर्ड लाखोंनी खपत होत्या आणि दूरचित्रवाणीवरील त्यांचे प्रवचन जगभर दिसत होते. १९८७ मध्ये त्यांनी ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तक लिहून त्याला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवले. याच सुमारास त्यांनी मार्विन गॉर्मन या प्रतिस्पर्धी उपदेशकाचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आणले होते आणि दूरचित्रवाणीवरील आणखी एक उपदेशक जिम बेकर यांच्या प्रकरणातही तिखट भाषा वापरली होती.

गॉर्मन यांनी उलट पाळत ठेवली. स्वॅगर्ट एका मोटेलमध्ये वेश्येबरोबर असल्याची छायाचित्रे त्यांनी मिळवली आणि पंथाच्या अधिकाऱ्यांना दाखवली. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी बॅटन रूज येथील आपल्या मंडळीसमोर स्वॅगर्ट यांनी रडत पापाची कबुली दिली. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या त्यांच्या पंथाने दीर्घ काळ उपदेश बंद ठेवण्याची अट घातली. ती त्यांनी पाळली नाही आणि त्यांची दीक्षा रद्द झाली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ते पुन्हा एका वेश्येबरोबर सापडले. त्यांचे स्वतंत्र चर्च आणि संगीत मात्र २०२५ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले.

या प्रकरणात पुढच्या अनेक प्रकरणांचा नमुना दिसतो. दुसऱ्याच्या पापावर बोट ठेवणे हे स्वतःच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र बनले होते. आणि ज्याची संस्था स्वतःच्या मालकीची होती, त्याला पंथाची शिक्षा बांधू शकली नाही.

नव्वदचे दशक : पुरस्कार, घटस्फोट, भागभांडवल

गायिका एमी ग्रँटच्या १९८२ च्या ‘एज टू एज’ या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि मोठ्या कंपन्यांचे लक्ष या बाजाराकडे गेले. १९९१ मध्ये तिचे ‘बेबी, बेबी’ अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात देवाचे नाव नव्हते, म्हणून जुने चाहते कुरकुरले; गुंतवणूकदार मात्र खूश होते. १९९२ मध्ये स्पॅरो ईएमआयने घेतली आणि वर्ड ही टॉमस नेल्सन या प्रकाशनसंस्थेकडे गेली. वर्ड पुढे गेलॉर्ड आणि मग वॉर्नरच्या मालकीची झाली. १९९५ पासून ख्रिस्ती दुकानांतील विक्रीही साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या यंत्रणेच्या आकड्यांत धरली जाऊ लागली. म्हणजे श्रद्धेचे करार आता अशा कंपन्यांच्या ताळेबंदात होते, ज्यांना श्रद्धेशी देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. नैतिक आचरणाचे कलम मात्र राहिले. आत्मशुद्धीचे साधन म्हणून आलेले कलम आता जोखीम आटोक्यात ठेवण्यासाठी कामी येऊ लागले.

१९९४ च्या एप्रिलमध्ये मायकल इंग्लिश या गायकाने डव्ह सोहळा गाजवला. वर्षातील सर्वोत्कृष्ट कलाकाराचा मानही त्यालाच मिळाला. आठवडाभरातच त्याने पुरस्कार परत केले. तो विवाहित होता आणि दौऱ्यावर बरोबर असलेल्या एका विवाहित गायिकेला त्याच्यापासून दिवस गेले होते. वॉर्नर अलायन्स या त्याच्या कंपनीने त्याची साथ सोडली, रेडिओने गाणी थांबवली, दुकानांनी अल्बम उतरवले. काही दिवसांत एक कारकीर्द पुसली गेली. त्यानंतर इंग्लिश व्यसनाच्या गर्तेत गेला, त्यातून वर आला आणि २००९ मध्ये जुन्या ‘गेदर व्होकल बँड’मध्ये परतला.

सँडी पॅटीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. १९८२ पासून सलग अकरा वर्षे सर्वोत्कृष्ट गायिकेचा डव्ह पुरस्कार तिच्याकडे होता. आदर्श ख्रिस्ती पत्नी आणि माता ही तिची प्रतिमा कंपनीने जपली होती. १९९२ मध्ये घटस्फोटाची बातमी आली, तेव्हा चाहत्यांनी सहानुभूती दाखवली. १९९५ मध्ये ‘क्रिश्चॅनिटी टुडे’ या नियतकालिकाने तिच्या विवाहकाळातील संबंधांविषयी विचारणा केली आणि तिला कबुली द्यावी लागली. इंडियाना राज्यातील अँडरसन येथील तिच्या मंडळीने शिस्तीची आणि पुनर्वसनाची प्रक्रिया चालवली होती. तरी कंपनीने तिचा नवा अल्बम लांबणीवर टाकला. २००४ मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने तिला आपल्या सन्मान-दालनात स्थान दिले.

एमी ग्रँटने १९९९ मध्ये घटस्फोट घेतला आणि २००० मध्ये कंट्री गायक विन्स गिलशी लग्न केले. काही रेडिओ केंद्रांनी तिची गाणी बंद केली. २००३ मध्ये तीही त्याच दालनात दाखल झाली. २०२२ मध्ये तिला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला.

तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. दोष असेल तो दोन सज्ञान व्यक्तींमधला होता. जुलूम किंवा फसवणुकीचा कुणा श्रोत्याचा आरोप नव्हता. तरीही कारवाई जलद आणि जाहीर झाली, कारण घटस्फोट लपवता येत नाही आणि दुकानदाराला तो ग्राहकांना समजावून सांगावा लागतो. काही वर्षांनी, राग निवल्यावर आणि जुनी गाणी पुन्हा खपू लागल्यावर, क्षमाही आली.

व्यवसायाच्या आतूनही विरोध उमटला. गायक-गीतकार स्टीव्ह कॅम्पने ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी, मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या स्मरणदिनी, १०७ कलमांचा जाहीरनामा काढला. अश्रद्धांच्या मालकीच्या कंपन्यांशी संबंध तोडा, ही त्यातली मुख्य मागणी होती. काहींनी याआधीच वेगळी वाट धरली होती. गायक कीथ ग्रीनने स्पॅरोचा करार सोडला आणि १९८० पासून ज्याला जेवढे परवडेल तेवढ्या किमतीत, गरज पडल्यास फुकटही, अल्बम द्यायला सुरुवात केली. १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला. गायक रिच मलिन्सचे उत्पन्न मंडळीतील वडील मंडळी सांभाळत. सरासरी कामगाराइतके वेतन त्याला मिळत असे आणि उरलेले दानात जात असे. १९९७ मध्ये रस्ते अपघातात तोही गेला. हे मूडीच्या विश्वस्त-योजनेचेच वारसदार होते; व्यवसायाने त्यांना संत मानले, त्यांची पद्धत मात्र स्वीकारली नाही.

बोलल्याची शिक्षा

समलैंगिक कलाकारांची प्रकरणे गैरवर्तनाच्या यादीत घातली जात, पण त्यांत गैरवर्तन नव्हते. अमेरिकेतील इव्हॅन्जेलिकल मंडळ्यांच्या शिकवणीनुसार ते पाप होते आणि कलाकारांना ही शिकवण ठाऊक होती. म्हणून ते गप्प राहिले. गायक रे बोल्ट्झच्या ‘थँक यू’ या गाण्याला १९९० मध्ये डव्हचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला होता आणि अमेरिकेतील असंख्य दफनविधींत ते वाजत असे. २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने ‘वॉशिंग्टन ब्लेड’ या वृत्तपत्रात आपण समलैंगिक असल्याचे सांगितले. गायिका जेनिफर नॅप ऐन यशात असताना २००२ च्या सुमारास अचानक थांबली आणि २०१० मध्ये परतली, ती आपली ओळख जाहीर करूनच. लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका पाळकासमोर तिला आपल्या श्रद्धेचा बचाव करावा लागला. इंग्लंडची गायिका विकी बीचिंग हिने २०१४ मध्ये हेच केले आणि अमेरिकी मंडळ्यांचे दरवाजे तिला बंद झाले.

इथे दांभिकता व्यवस्थेची होती. प्रत्येक गायकाकडून मनमोकळी साक्ष मागितली जाई, आणि खरी साक्ष दिली की कारकीर्द संपत असे. जे गप्प राहिले त्यांची गाणी वाजत राहिली.

वंशाच्या बाबतीतही असाच सोयीस्कर कान होता. गॉस्पेल गायक कर्क फ्रँकलिनने २०१६ आणि २०१९ च्या डव्ह सोहळ्यांत पोलिसांच्या गोळीने मेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. दोन्ही वेळा ट्रिनिटी ब्रॉडकास्टिंग नेटवर्कच्या प्रक्षेपणातून तो भाग कापला गेला. त्याने सोहळ्यावर बहिष्कार टाकल्यावर गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने माफी मागितली.

उपासनागीतांचे अर्थकारण

२००० नंतर सीडीचा धंदा खालावला आणि केंद्रस्थानी उपासनागीत आले : चर्चमध्ये सर्वांनी मिळून गायचे, पडद्यावर शब्द दाखवायचे गीत. त्याच्या कमाईचा पाया एका खटल्यानंतर घातला गेला होता. एफईएल या प्रकाशनसंस्थेने शिकागोच्या कॅथलिक महाधर्मप्रांतावर गीतांच्या बेकायदा प्रती काढल्याचा दावा केला होता. १९८४ मध्ये ज्यूरीने तीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. अपिलात तिचा मोठा भाग रद्द झाला, पण चर्चांना धडकी भरली. रविवारी चोरी करू नये असा उपदेश करणारी चर्चे सोमवारी झेरॉक्स यंत्रावर हक्कांचा भंग करत होती. १९८८ मध्ये ओरेगन राज्यात सीसीएलआय ही परवाना देणारी संस्था सुरू झाली. चर्चने वार्षिक शुल्क भरायचे आणि कोणती गीते गायली ते कळवायचे. त्यावरून गीतकारांना वाटा मिळतो. गीतकाराचे उत्पन्न असे थेट उपासनेला जोडले गेले.

या नव्या बाजारातील सर्वात मोठे नाव अमेरिकेबाहेरचे होते : १९८३ मध्ये सिडनीच्या उपनगरात सुरू झालेले हिलसाँग चर्च. त्याची गीते जगभरातील चर्चांत गायली जाऊ लागली. २००८ मध्ये हिलसाँगच्या अल्बमात मायकल गुलिएलमुची या ऑस्ट्रेलियन पाळकाचे ‘हीलर’ हे गीत आले. आपल्याला असाध्य कर्करोग आहे आणि निदान झाल्याच्या दिवशी हे सुचले, असे तो सांगत असे. नाकात प्राणवायूची नळी लावून तो मंचावर गात असे. श्रोते रडत, आजारी माणसे त्यातून आशा घेत. ऑगस्ट २००८ मध्ये त्याने कबूल केले, की कर्करोग कधीच नव्हता. दोन वर्षे त्याने घरच्यांनाही फसवले होते. अश्लील चित्रांच्या व्यसनाचे अपराधीपण झाकण्यासाठी हे सोंग केले, असे त्याने सांगितले. हिलसाँगने ते गीत अल्बममधून काढले. इतर गायकांनी मात्र ते गाणे चालू ठेवले, कारण शब्दांत खोटे काहीच नव्हते.

हिलसाँगचे संस्थापक ब्रायन ह्यूस्टन यांच्यावरील प्रश्न अधिक गंभीर होते. त्यांचे वडील फ्रँक यांनी एका मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचे १९९९ मध्ये त्यांना कळले, पण ते पोलिसांकडे गेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या शाही चौकशी आयोगाने या हाताळणीवर ठपका ठेवला. गुन्हा लपवल्याच्या आरोपातून न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. त्याआधी, २०२२ च्या मार्चमध्ये, दोन महिलांशी केलेल्या अनुचित वर्तनाच्या तक्रारींनंतर त्यांनी राजीनामा दिला होता. गीतांचे स्वामित्व चर्चकडे, चर्चचे नेतृत्व एका कुटुंबाकडे आणि नेत्याची चौकशी त्याच्याच सहकाऱ्यांकडे, अशी ही रचना होती.

मंचावरची श्रद्धा, मंचामागचा व्यवहार

सॅन डिएगोच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ या मेटल बँडचा गायक टिम लॅम्बेसिस याला ७ मे २०१३ रोजी अटक झाली. विभक्त पत्नीला मारण्यासाठी त्याने भाडोत्री खुनी समजून वेशांतर केलेल्या पोलिसाला एक हजार डॉलर दिले होते. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी एका संगीत-नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितले, की आपली श्रद्धा केव्हाच उडाली होती, तरी ख्रिस्ती बाजारात बँड विकला जात होता. हे केवळ आपल्याच बँडचे नव्हते, असेही तो म्हणाला. सहकाऱ्यांनी त्याच्या कथनाला आक्षेप घेतला. पण ज्याची कबुली आता त्याच्या फायद्याची नव्हती, अशा माणसाने व्यवसायाच्या मूळ सौद्यावरच शंका घेतली होती.

कॅथलिक गीतांचा बाजार वेगळा. तिथे प्रकाशनसंस्था आणि धर्मप्रांत यांचे राज्य चालते. मिनेसोटाचे डेव्हिड हास यांची गीते अमेरिकेतील असंख्य कॅथलिक चर्चांत गायली जात. २०२० मध्ये ‘इन्टू अकाउंट’ या पीडितांना मदत करणाऱ्या गटाने चाळीसहून अधिक महिलांच्या तक्रारी पुढे आणल्या. संगीताच्या शिबिरांतून, शिकवण्याच्या निमित्ताने तरुणींशी केलेले अनुचित वर्तन हा त्यांचा गाभा होता. हास यांनी नंतर माफी मागितली. शिकागोच्या जीआयए या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले आणि अनेक धर्मप्रांतांनी गीतांवर बंदी घातली. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांपर्यंत पूर्वीही पोहोचल्या होत्या. २०२१ मध्ये स्पेनच्या ‘एल पाइस’ने धर्मगुरू सेसारेओ गाबाराइन यांच्यावरील बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप प्रसिद्ध केले. त्यांच्या मृत्यूला तोवर तीस वर्षे होऊन गेली होती, आणि त्यांचे ‘पेस्काडोर दे ओंब्रेस’ हे गीत स्पॅनिश भाषिक कॅथलिकांच्या पिढ्यांच्या ओठांवर होते.

अलीकडचा मोठा धक्का मायकल टेटच्या प्रकरणाने बसला. १९८७ मध्ये व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात जुळलेल्या ‘डीसी टॉक’ या गटाचा हा गायक २००९ पासून ‘न्यूजबॉइज’ या बँडचा मुख्य आवाज होता. २०१४ मध्ये ‘गॉड्स नॉट डेड’ या चित्रपटातून हा बँड ख्रिस्ती अमेरिकेचा चेहरा बनला. जानेवारी २०२५ मध्ये टेटने बँड सोडला. जूनमध्ये पत्रकार जूली रॉइस यांच्या ‘द रॉइस रिपोर्ट’ने तीन पुरुषांचे आरोप छापले. या घटना २००४ पासूनच्या काळातल्या होत्या आणि त्यांत दारू, अमली पदार्थ आणि संमतीशिवाय केलेले लैंगिक स्पर्श यांचे वर्णन होते. टेटने काही दिवसांत जाहीर निवेदन काढून कोकेन आणि दारूचे व्यसन कबूल केले, आपण दुहेरी जीवन जगलो असे सांगितले आणि आरोप बहुतांशी खरे असल्याचे मान्य केले. के-लव्ह या सर्वात मोठ्या ख्रिस्ती रेडिओ जाळ्याने न्यूजबॉइजची गाणी थांबवली. कॅपिटल ख्रिश्चन म्युझिक ग्रुपने बँडशी संबंध संपवले. त्यानंतर नॅशव्हिलमध्ये एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : कुणाकुणाला ठाऊक होते? दौऱ्यांतील मंडळींमध्ये याची कुजबूज जुनी होती, असे अनेकांनी सांगितले.

शिक्षेचा नकाशा

अर्धशतकाची ही प्रकरणे शेजारी मांडली, की शिक्षेची दिशा स्पष्ट होते. मायकल इंग्लिशची कारकीर्द थांबायला काही दिवस लागले. टेटवरील सर्वात जुन्या आरोपातील घटना आणि तिची प्रसिद्धी यांत वीसहून अधिक वर्षे गेली. गाबाराइन तर जिवंतपणी सुटले. पहिल्या प्रकारात दोष दिसणारा होता आणि ग्राहक चिडणार होता. दुसऱ्या प्रकारात पीडित तरुण, अनोळखी आणि बहुधा त्याच मंचाच्या आधाराने जगू पाहणारे होते. त्यांचे मौन कंपनी, बँड आणि दौऱ्याचा ठेकेदार या सर्वांच्या सोयीचे होते. समलैंगिकतेच्या कलंकाने हे मौन आणखी घट्ट केले. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या पुरुषाला आधी स्वतःविषयीच्या संशयाला तोंड द्यावे लागे.

उलगडा करणारे जवळजवळ नेहमी बाहेरचे होते : नियतकालिक, स्वतंत्र पत्रकार, पीडितांचा गट, सरकारी आयोग, पोलीस. संगीत कंपन्या आणि पुरस्कार देणाऱ्या संस्था यांनी स्वतः चौकशी करून प्रकरण जगासमोर आणल्याची उदाहरणे या इतिहासात ठळकपणे दिसत नाहीत. नैतिक आचरणाचे कलम बातमी छापून आल्यानंतर लागू झाले. बातमी येण्याआधी ते कुणाचे रक्षण करू शकले नाही, कारण कलाकाराविरुद्ध तक्रार कुठे करायची, ती कोण तपासेल आणि तक्रार करणाऱ्याला कोण सांभाळेल, याची तरतूद त्यात नव्हती.

क्षमेचा सिद्धान्तही इथे दोन धारांनी चालला. पश्चात्ताप करणाऱ्याला पुन्हा जवळ करणे ही ख्रिस्ती शिकवणीची मूळ गोष्ट आहे, आणि इंग्लिश किंवा पॅटी यांना तिचा आधार मिळाला. पण सत्तेचा गैरवापर झालेल्या प्रकरणांत जाहीर अश्रू आणि कबुली यांनी चर्चा गुन्हेगाराच्या आत्म्याकडे वळते आणि पीडिताचा प्रश्न बाजूला पडतो. स्वॅगर्टच्या काळात सगळा प्रसंग कबुलीपाशी संपत असे. हास आणि टेट यांच्या वेळी प्रथमच नुकसानभरपाई, स्वतंत्र चौकशी आणि आधी कळूनही गप्प राहिलेल्यांची जबाबदारी यांची मागणी जोरात झाली.

गाण्यांचे काय करायचे, याला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. मार्शा स्टीव्हन्सचे पान फाडले गेले, हास यांची गीते धर्मप्रांतांनी थांबवली, ‘हीलर’ दुसऱ्यांच्या आवाजात राहिले. परवाना-पद्धतीमुळे हा प्रश्न आता पैशाचाही आहे : चर्चने गीत गायले, की त्याचा वाटा लिहिणाऱ्याला पोहोचतो. म्हणून गीतांची यादी ठरवणाऱ्या पाळकाच्या हाती आज तीच ताकद आहे, जी एकेकाळी पुस्तकांच्या दुकानदाराकडे होती. ती दुकाने जवळजवळ संपली. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सची साखळी २०१७ मध्ये बंद झाली आणि लाइफवेने २०१९ मध्ये आपली दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला. बरीच मोठी लेबले आता सोनी आणि युनिव्हर्सल यांच्या छत्राखाली आहेत. गायकाच्या आयुष्याची हमी देऊन गाणे विकण्याची रीत मात्र बदललेली नाही, आणि ती हमी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा या व्यवसायाने अद्याप उभारलेली नाही.